कवडशातले ग्रहण

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

आमच्या घरात एकाच सूर्यग्रहणाच्या दोन हकिकती आहेत. ग्रहण १६ फेब्रुवारी १९८० चे, वार शनिवार. आजोबांनी ते हुबळीजवळच्या एका माळावर उभे राहून पाहिले. आजी त्या वेळी मिरजेच्या घरात, दारे-खिडक्या लावून घेतलेल्या माजघरात उताणी निजून होती, कारण तिला दिवस गेले होते. आजोबांची हकिकत आमच्या घरातल्या पोरासोरांना पाठ आहे. आजीची हकिकत मात्र एकोणचाळीस वर्षे कोणाला ठाऊकच नव्हती. या दोन्ही हकिकती सांगाव्यात आणि त्या नीट समजाव्यात इतपत ग्रहणाची माहिती द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ग्रहण कसे घडते ते थोडक्यात पाहू. अमावास्येला चंद्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या बाजूस असतो. मग दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक अमावास्यांना चंद्राची सावली पृथ्वीला न शिवता अंतराळात निघून जाते. या दोन कक्षा जिथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूंना आपल्या ज्योतिषात राहू आणि केतू म्हणतात. अमावास्येचा चंद्र यांपैकी एखाद्या बिंदूजवळ असला तरच सूर्यग्रहण घडते. म्हणजे पुराणात राहू हा सूर्याला गिळणारा राक्षस असला, तरी गणितात तो केवळ एक बिंदू आहे.

दुसरी गोष्ट एका विलक्षण योगायोगाची आहे. सूर्याचा व्यास चंद्राच्या व्यासाच्या सुमारे ४०० पट आहे, आणि सूर्य आपल्यापासून चंद्राच्या सुमारे ४०० पटच दूर आहे. त्यामुळे आकाशात दोघेही जवळजवळ सारख्याच आकाराचे दिसतात. चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना सूर्य पुरता झाकतो, ते खग्रास ग्रहण. चंद्र लांब असला की तो थोडा अपुरा पडतो आणि कडेने तेजाची बांगडी उरते, ते कंकणाकृती. खग्रास ग्रहणात चंद्राची गडद सावली पृथ्वीवर एका अरुंद पट्ट्यातून धावत जाते. त्या पट्ट्यात असणाऱ्यांनाच खग्रास दिसते, बाजूच्या मोठ्या प्रदेशाला खंडग्रासावर समाधान मानावे लागते. एकाच ठिकाणी पुन्हा खग्रास ग्रहण येण्यास सरासरीने पावणेचारशे वर्षे लागतात.

मिरजेची पाळी येऊन गेली ती १८ ऑगस्ट १८६८ रोजी. त्या दिवशी सकाळी चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरली आणि कृष्णाकाठावरून पूर्वेला गुंटूर-मच्छलीपट्टणपर्यंत गेली. मिरज त्या पट्ट्यात होते. त्या वेळच्या मिरजकरांनी काय पाहिले, हे लिहिलेले काही माझ्या वाचनात नाही. पण मिरजेप्रमाणेच पटवर्धनांचे संस्थान असलेल्या जमखंडीस त्या दिवशी लेफ्टनंट जॉन हर्शेल हा इंग्रज अधिकारी दुर्बीण आणि वर्णपटदर्शक घेऊन बसला होता. युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचा हा नातू. ऑगस्ट महिना, आकाशात ढगांची ये-जा. ढगांच्या फटीतून जेवढे साधले तेवढ्यात त्याने सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या. या ज्वाला म्हणजे तापलेला वायू आहे, हे त्या रेषांवरून सिद्ध झाले. त्याच दिवशी गुंटूर येथे फ्रान्सच्या जान्सेन यांनीही ते पाहिले. पुढे ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहण नसतानाही या रेषा पाहण्याची युक्ती स्वतंत्रपणे साधली. त्यांतली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. त्या अज्ञात द्रव्याचे नाव पुढे हेलियम पडले, आणि ते पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडावे लागले.

येथे एका प्रचलित समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे दाखवतात आणि लॉकियर साहेबाने १८६८ साली तिथूनच हेलियम शोधला असे सांगतात. वस्तुतः १८६८ च्या ग्रहणाच्या दिवशी लॉकियर हिंदुस्थानात नव्हते. ते विजयदुर्गास आले तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तो पट्टा विजयदुर्गावरून ईशान्येला करमाळा तालुक्यातील जेऊरकडे गेला. मिरज त्याच्या थोडे बाहेर राहिले. जेऊर येथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळी यांनी तळ ठोकला होता. म्हणजे ओटे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरे. फक्त लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणांचे एक झाले. ग्रहणाच्या आठवणींचे असे होते. पाहिलेले एक असते, त्याचा अर्थ लावताना दुसरेच काही त्याला चिकटते. गावाच्या आठवणीचे जे होते तेच माणसाच्या आठवणीचेही होते, हे मला पुढे घरातच कळले.

आता १९८० कडे वळतो. त्या वर्षीचा पट्टा कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून हुबळी, गदग, रायचूर असा जाऊन ओरिसात पुरीजवळ समुद्रात उतरला. रायचूर जिल्ह्यात जवळगेऱ्याला आणि हैदराबादजवळच्या जपाल-रंगापूर वेधशाळेत शास्त्रज्ञांची गर्दी झाली होती. मिरजेतून सूर्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग झाकला जाणार होता. एवढे असूनही त्या दिवशी पट्ट्याबाहेरच्या महाराष्ट्राने जे केले ते आज वाचताना नवल वाटते. मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना आदल्याच दिवशी सुरू झाला होता. ग्रहणासाठी दुसराच दिवस विश्रांतीचा ठरवण्यात आला. दुपारी मुंबईचे रस्ते ओस पडले होते. लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनने चित्रपट दाखवला, ही आठवण त्या पिढीतले पुष्कळजण अजून सांगतात.

आमचे आजोबा रेल्वेत कारकून होते. पास होता, हौस होती. शुक्रवारी रात्री त्यांनी मिरजेहून मीटरगेजची गाडी धरली आणि बेळगाव, लोंढा करीत ते हुबळीस पोहोचले. पुढची हकिकत ते दर वेळी एकाच क्रमाने सांगत. अडीचच्या सुमारास सूर्याच्या कडेला पहिला चावा पडला. तासभर काही विशेष वाटले नाही. मग ऊन असूनही ते पिवळट, आजारी दिसू लागले. अंगावरचे ऊन निवले. माळावरच्या शेळ्या आपण होऊन गावाच्या वाटेला लागल्या. झाडावर कावळ्यांची शाळा भरली. पावणेचारच्या जरा आधी पश्चिमेकडून अंधार चालून आला, “पावसाची सर येते तसा, पण आवाज नाही.” शेवटी सूर्याच्या कडेला एकच ठिणगी राहिली, अंगठीतल्या खड्यासारखी, आणि तीही विझली.

“मग काय दिसलं, आजोबा?” हा प्रश्न आम्ही विचारायचाच असे.

“काळी टिकली, आणि तिच्याभोवती पांढरा झेंडू,” असे ते म्हणत.

हा झेंडू म्हणजे सूर्याचे प्रभामंडल. ते एरवीही असतेच, पण सूर्यबिंबाच्या झगझगाटात दिसत नाही. सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र असते. १९८० च्या सुमारास ते ऐन भरात होते, आणि अशा काळात प्रभामंडल सर्व बाजूंनी सारखे फुललेले दिसते. आजोबांना हे शास्त्र माहीत नव्हते, पण त्यांची उपमा नेमकी होती. सूर्याच्या वरच्या अंगाला शुक्र लखलखत होता. दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ हे चालले, पुन्हा ठिणगी पेटली आणि माळावरची अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारू लागली. “त्या दिवशी मी दोन पहाटा पाहिल्या,” या वाक्याने त्यांची हकिकत संपे.

त्याच वेळी मिरजेत काय चालले होते? सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, त्यामुळे घरात सकाळपासून चूल थंड होती. पाण्याच्या भांड्यांवर तुळशीपत्र ठेवले होते. आजीला दुपारी दोनलाच माजघरात निजवण्यात आले. पाचवा महिना सरत आला होता. पणजीची ताकीद अशी की ग्रहण सुटेपर्यंत कूस बदलायची नाही, काही चिरायचे-कापायचे नाही, आणि आकाशाकडे तर पाहायचेच नाही. पणजी दाराशी माळ घेऊन बसली. तिने हे सारे जाच म्हणून केले नाही, हे सांगितले पाहिजे. तिची स्वतःची दोन मुले लहानपणीच गेली होती. जे नियम तिला ठाऊक होते ते पाळून ती नातवंडाला जपत होती.

आजीने सर्व नियम पाळले. पण माजघरावर कौले होती आणि कौलांत फटी होत्या. रोज दुपारी त्या फटींतून जमिनीवर कवडसे पडत, रुपयाएवढे, गोल. आजी त्यांच्याकडे पाहत पडली होती. पाहता पाहता ते कवडसे एका बाजूने कुरतडल्यासारखे दिसू लागले. मग अर्धे झाले. मग नखासारख्या कोरी झाल्या; दहा-बारा कोरी, सगळ्या एकाच दिशेला तोंड केलेल्या, आणि खोलीत काळोख दाटत चाललेला. तिने डोळे मिटून घेतले, पण पुन्हा उघडल्यावाचून तिला राहवेना. बाहेर रस्त्यावर “दे दान, सुटे गिराण” अशी आरोळी ऐकू येईपर्यंत ती त्या कोरींकडे पाहतच राहिली. ग्रहण आपल्याला शोधत घरात आले, असे तिला वाटले. हे तिने कोणालाच सांगितले नाही. हुबळीहून उत्साहाने परतलेल्या आजोबांनाही नाही.

जूनच्या अखेरीस माझ्या आत्याचा जन्म झाला. तिचा वरचा ओठ दुभंगलेला होता. (हे सर्व मी आत्याच्या परवानगीने लिहीत आहे.) मिरज हे डॉक्टरांचे गाव. आत्या वर्षाची होण्याआधीच शस्त्रक्रिया झाली आणि उत्तम झाली. आज नाकाखाली एक बारीक रेघ तेवढी राहिली आहे. पण बारशाला आलेल्या बायकांनी विचारायचे ते विचारलेच, “ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?” आजी म्हणे, “नाही.” ते खरेच होते. पण तिच्या मनात वेगळेच होते. आपण चिरले नाही, पण पाहिले. त्या कोरी आपण पाहिल्या आणि तीच कोर पोरीच्या ओठावर उमटली. आत्याला निरोगी, हुशार, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली पाहूनही हा काटा निघाला नाही.

२६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी सूर्यग्रहण होते. केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती, मिरजेत खंडग्रास. सूर्याचा सुमारे चार पंचमांश भाग झाकला जाणार होता. मी नववीत होते. ढग येत-जात होते. आमच्याकडे ग्रहण पाहण्याचा एकच कागदी चष्मा होता आणि त्यावरून भावंडांत भांडण लागले होते. शाळेत सांगितलेले आठवून मी स्वयंपाकघरातला बुंदीचा झारा आणला आणि अंगणातल्या भिंतीवर त्याची सावली पाडली. झाऱ्याला जितकी भोके तितक्या कोरी भिंतीवर उमटल्या. आजी उन्हाकडे पाठ करून बसली होती. ती भिंतीकडे पाहतच राहिली आणि म्हणाली, “अगं, हे मी पाहिलंय.” त्या दिवशी दुपारी तिने पहिल्यांदा ही सारी हकिकत सांगितली.

कवडशाचे शास्त्र अगदी साधे आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो. लहान फटीतून आत येताना सूर्याच्या वरच्या कडेचा प्रकाश खाली पडतो आणि खालच्या कडेचा वर. म्हणून पलीकडे सूर्याचे उलटे चित्र उमटते. फट वाकडी असो, चौकोनी असो, ती पुरेशी लहान आणि जमिनीपासून पुरेशी उंच असली की कवडसा गोलच पडतो, कारण तो फटीचा आकार नसून सूर्याचा आकार असतो. झाडाखाली पडणारे उन्हाचे गोल ठिपके हेही सूर्याचीच चित्रे आहेत. आपण ती रोज पायांखाली तुडवतो. ग्रहणात सूर्याची कोर झाली की प्रत्येक कवडशाची कोर होते. ग्रहण पाहण्याची ही सर्वांत सुरक्षित रीत आहे, कारण तीत सूर्याकडे पाठ असते. म्हणजे ज्या बाईला ग्रहण दिसू नये म्हणून कोंडले होते, तिने ते मिरजेतल्या बहुतेकांपेक्षा अधिक चांगले आणि डोळ्यांना कसलाही धोका न होता पाहिले होते!

ओठाच्या प्रश्नाला मात्र नववीतल्या मुलीजवळ उत्तर नव्हते. ते पुढे वाचून आणि एका डॉक्टरांना विचारून मिळाले. गर्भाचा वरचा ओठ दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतो, आणि हे काम साधारणपणे गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात उरकते. ते पुरे झाले नाही तर ओठ दुभंगलेला राहतो. त्यामागे आनुवंशिकता असते, आणखीही कारणे असतात. त्यांतली काही अजून पुरती उलगडलेली नाहीत. पण सूर्य आणि चंद्र त्यांत नाहीत. शिवाय आमच्या घरचा हिशेब तर बोटांवर मोजता येण्यासारखा होता. जूनअखेरचा जन्म, म्हणजे ओठ जुळायचा की न जुळायचा हे नोव्हेंबर १९७९ संपण्यापूर्वीच ठरून गेले होते. ग्रहण आले फेब्रुवारीत.

मी आजीपुढे कॅलेंडर ठेवून महिने मोजून दाखवले. तिने ते स्वतः पुन्हा बोटांवर मोजले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “एवढं साधं होतं तर तेव्हाच कुणी का नाही सांगितलं?”

हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. कारण सांगण्यासारखे ज्ञान आपल्याकडे तेव्हाही होते. आर्यभटाने इसवी सनाच्या ४९९ च्या सुमारास ग्रहणे ही सावल्यांमुळे घडतात असे स्पष्ट लिहिले. नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचले, आणि त्याच्या आधारे आपली पंचांगे कित्येक पिढ्या ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष वर्तवीत आली. पणजीच्या घरीही भिंतीला पंचांग टांगलेले होते. त्याने सांगितलेल्या वेळेवर तिचा पूर्ण विश्वास होता, आणि ग्रहण वेळेवर आले, वेळेवर सुटले. जे इतके आधी मोजता येते ते कोपाने कसे येईल, हा प्रश्न मात्र त्या घरात कोणी विचारला नाही. गणित भिंतीवर राहिले आणि भीती माजघरात.

भीतीचा एक भाग खरा आहे, तो वेगळा काढला पाहिजे. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यास डोळ्याच्या आतल्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. त्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे नुकसान होत असताना समजतही नाही. एरवी सूर्याकडे टक लावणे अशक्य असते; ग्रहणात तेज कमी झाल्याने ते शक्य वाटते, हाच धोका आहे. काजळी धरलेली काच, क्ष-किरणाची फिल्म, साधा काळा चष्मा, पाण्यातले प्रतिबिंब, यांपैकी काहीही पुरेसे नाही. आयएसओ १२३१२-२ या मानकाचा चष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंगची काच वापरावी. नाहीतर घरातला झारा आहेच. केवळ खग्रास पट्ट्यात, सूर्य पूर्ण झाकला गेला असेल तेवढीच मिनिटे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. पण हे सारे डोळ्यांचे नियम आहेत. ते जितके आजीला लागू होते तितकेच आजोबांना; पोटातल्या मुलाशी, शिजवलेल्या अन्नाशी त्यांचा संबंध नाही. “पाहू नका” म्हणणे सोपे, “असे पाहा” म्हणायला दोन वाक्ये अधिक लागतात. ती दोन वाक्ये १९८० साली आमच्या माजघरापर्यंत पोहोचली नाहीत.

आजोबा आता नाहीत. ते २०१९ पूर्वीच गेले, त्यामुळे त्यांच्या ग्रहणाची दुसरी बाजू त्यांना कधी कळली नाही. आजी म्हणते, “त्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी कौलावर चढून फटी मोजल्या असत्या.”

२ ऑगस्ट २०२७ रोजी पुन्हा सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये ते सहा मिनिटांहून अधिक वेळ खग्रास दिसेल. महाराष्ट्रातून खंडग्रास दिसेल, तेही ढगांनी दिसू दिले तर. जमखंडीच्या हर्शेललाही ऑगस्टमधले ढगच आडवे आले होते. तरी आत्याने त्या दिवशी मिरजेला यायचे कबूल केले आहे, आणि झारा आजीने आतापासूनच वेगळा काढून ठेवला आहे.